‘शाबास’ म्हटलं म्हणजे प्रबलन झालं, असं नाही

तू विचारलंस ते थोडक्यात असं: मानसशास्त्रात एम.ए. झालं, ४० तासांचा ऑनलाइन कोर्स झाला, पुण्यातल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या एका सेंटरवर लागून तीन आठवडे झाले. व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण समोरच्या मुलाने ट्रे उलटवला आणि रडायला सुरुवात केली की काहीच सुचत नाही. ‘ताई, एबीएमधल्या नेमक्या कुठल्या गोष्टी पक्क्या करू?’ (एबीए म्हणजे अप्लाइड बिहेविअर ॲनालिसिस, उपयोजित वर्तन-विश्लेषण.) ताई म्हणालीस म्हणून मीही ‘तू’च म्हणते. मी हे काम सतरा वर्षं करते आहे, आणि त्यातली पहिली पाच तुझ्याच जागी, सतरंजीवर मुलासमोर बसून काढली आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की कर, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात. आपण जे करतो त्याला नाव द्यायचं ते त्याचा परिणाम बघून. आपला हेतू काय होता याला तिथे काही किंमत नाही.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा होता. सारखी चित्रं जुळवायला शिकवत होतो. आंब्यावर आंबा ठेवला की मी आणि शेजारची ताई, दोघी जोरात टाळ्या वाजवायचो, ‘व्हेरी गुड!’ म्हणून ओरडायचो. पहिल्या दिवशी दहापैकी सात बरोबर आले, मग सहा, मग चार, आणि शनिवारी दोन. मला वाटलं, याचं लक्ष नाही. आमच्या सुपरवायझर बाई येऊन कोपऱ्यात दहा मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, ‘चित्र ठेवायच्या आधी तो खांदे वर घेतो, बघितलंस?’ मी बघितलं नव्हतं. टाळ्यांचा आवाज त्याला सोसत नव्हता. बरोबर ठेवलं की तो आवाज येतो हे त्याला पुरतं कळलं होतं, म्हणून तो बरोबर ठेवायचं टाळत होता. टाळ्या बंद केल्या, बरोबर आलं की समोर भोवरा फिरवायला लागलो, आणि आठवड्याभरात तो पुन्हा आठ-नऊवर आला.

तर वर्तनानंतर लगेच काही घडलं आणि पुढे ते वर्तन वाढलं, तर ते प्रबलन. घटलं, तर ती शिक्षा, मग ती तू कितीही मायेने केलेली असो. मी मायेनेच टाळ्या वाजवत होते. ‘धन’ आणि ‘ऋण’ या शब्दांनी अनेकजण फसतात. त्यांचा चांगल्या-वाईटाशी संबंध नाही. काही दिलं गेलं तर धन, काही काढून घेतलं गेलं तर ऋण. मूल किंचाळलं आणि तू घाबरून कोडं उचलून कपाटात ठेवलंस, तर तू किंचाळण्याचं ऋण प्रबलन केलंस. नको असलेली गोष्ट निघून गेली, म्हणून उद्या किंचाळणं वाढेल. आणि तुझ्याकडूनही बघ: कोडं उचलताच आवाज थांबला, तुला हायसं वाटलं, म्हणजे उद्या तुझा हातही लवकर कपाटाकडे जाईल. मूल रडलं की आई मोबाइल देते, यावर सेंटरमध्ये फार सहज नाकं मुरडली जातात. रडण्याने मुलाला मोबाइल मिळतो, मोबाइल दिल्याने आईला शांतता मिळते. दोघंही एकाच नियमाने शिकताहेत. हे एकदा नीट समजलं की आईला दोष द्यावासा वाटत नाही, आणि दोष न देणारी ताईच आईला काही समजावू शकते.

प्रबलक, म्हणजे वर्तन वाढवणारी वस्तू किंवा गोष्ट, कुठला चालेल हेही मुलाने सांगायचं असतं. डब्यात जेम्स आहेत म्हणून जेम्स चालतीलच असं नाही. रोज सेशनच्या सुरुवातीला चार-पाच वस्तू समोर ठेवून तो कशाकडे हात नेतो ते बघ. शिवाय तीच वस्तू दर तासाला तितकीच हवीशी नसते. घरून पोटभर पोहे खाऊन आलेल्या मुलाला साडेनऊला बिस्किटाचं काय आकर्षण? तहान, भूक, कंटाळा, उकाडा, हे सगळं प्रबलकाची किंमत वर-खाली करतं. कोर्समध्ये ज्याला ‘मोटिव्हेटिंग ऑपरेशन’ म्हणून शिकवलं, ते हेच.

आता निरीक्षण. वर्तनाच्या आधी काय होतं, वर्तन काय होतं, नंतर काय झालं, हे तीन रकाने तू भरतच असशील. तिथे सगळ्यांची चूक होते ती मधल्या रकान्यात. ‘राग आला’, ‘हट्ट केला’, ‘मूड नव्हता’. यातलं एकही वर्तन नाही, हे सगळे आपले अंदाज. ‘उजव्या हाताच्या तळव्याने टेबलावर आपटलं, आवाज खोलीबाहेर ऐकू जाईल इतका’, हे वर्तन. जी व्याख्या वाचून कालच रुजू झालेली मुलगी तुझ्याइतकेच वेळा मोजू शकेल, ती व्याख्या चालेल. आम्ही हे तपासतोही. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, लहान आकड्याला मोठ्याने भागून शंभराने गुणायचं. तुझे आठ, तिचे दहा, तर ८० टक्के मेळ. त्याखाली गेलं तर मुलाकडे बघायच्या आधी व्याख्येकडे बघायचं.

मोजायचं काय, हे वर्तनावर ठरतं. एका मुलीचं रडणं मी दिवसाला तीनदा असं नोंदवत होते आणि तिची आई म्हणत होती की ती दिवसभर रडते. बरोबर आईच होती. तीन वेळा, पण एकेक वेळ पाऊण तासाची. तिथे वारंवारता मोजून उपयोग नाही, कालावधी मोजायला हवा. सूचना दिल्यावर सुरू करायला किती वेळ लागतो हा प्रश्न असेल, तर तो मधला वेळ मोजायचा. आणि सेशनचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडून ‘या तुकड्यात एकदा तरी दिसलं का’ अशी खूण करत असशील, तर ध्यानात ठेव, की या पद्धतीत वर्तन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. ‘पूर्ण तुकडाभर दिसलं का’ असं विचारलं तर उलट कमी दिसतं. पालकांना आलेख दाखवताना हा फरक माहीत असलाच पाहिजे.

डेटा त्या क्षणी लिही. चार सेशन उरकून संध्याकाळी चहा पिताना आठवून भरलेला कागद हा डेटा नव्हे. मी एकदा असा भरला होता. त्यावरून एका मुलाचं टार्गेट ‘आलं’ म्हणून पुढे सरकवलं गेलं आणि दोन आठवडे तो बिचारा न येणाऱ्या पायरीवर उभा राहिला. ते दोन आठवडे त्याचे गेले, माझे नाही.

वर्तन कशासाठी होतं आहे, याची साधारण चार उत्तरं असतात: कुणाचं लक्ष मिळावं, एखादी गोष्ट सुटावी, एखादी वस्तू वा कृती मिळावी, किंवा ती कृतीच शरीराला हवीशी वाटते. तीन मुलं कपाळ टेबलावर आपटतात, बाहेरून तिघांचं सारखंच दिसतं. एकाने आपटलं की आजी धावत येऊन जवळ घेते. दुसऱ्याने आपटलं की वही बंद होते. तिसरा खोलीत एकटा असला तरी आपटतो. तिघांना एकच उपाय लावलास तर एखाद्याचं वाढेल. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांवर हेच तपासलं. परिस्थिती मुद्दाम बदलून, कुठल्या परिस्थितीत वर्तन वाढतं ते मोजलं, आणि कारणं मुलागणिक वेगळी निघाली. ती चाचणी प्रशिक्षित वर्तन-विश्लेषकाने करायची असते, तू स्वतःहून करायला जाऊ नकोस. तुझ्याकडून हव्यात त्या प्रामाणिक नोंदी.

इथे एक गोष्ट जरा जोरात सांगते. वर्तन अचानक सुरू झालं किंवा अचानक वाढलं, तर ‘फंक्शन’, म्हणजे ते कशासाठी होतंय, हे शोधायच्या आधी दात, कान, पोट तपासायचं. न बोलणाऱ्या मुलाची दाढ दुखत असली तर तो गालावर मारून घेईल, नाहीतर काय करेल? बद्धकोष्ठतेने हैराण झालेल्या मुलाला आम्ही महिनाभर ‘काम टाळतो’ म्हणत राहिलो होतो. डॉक्टरांनी औषध दिलं आणि चार दिवसांत टाळणं संपलं. सुपरवायझरना सांग, पालकांना डॉक्टरांकडे जायला सांगायला लाव, आणि मग बाकीचं.

शिकवण्याकडे येते. सूचना, प्रतिसाद, परिणाम, थोडा विराम, मग पुढची सूचना, हा सुट्या चाचण्यांचा साचा तुला येतोच. त्यातलं अवघड काम म्हणजे प्रॉम्प्ट, म्हणजे बरोबर उत्तर यावं म्हणून केलेली मदत, काढून घेणं. द्यायला सगळ्यांना येतो. तू ‘गाय दाखव’ म्हणतेस आणि नकळत तुझी नजर गाईच्या कार्डाकडे जाते. मूल गाय शिकत नाही, तुझे डोळे वाचायला शिकतं, आणि दुसरी ताई बसली की सगळं ‘विसरतं’. म्हणून कार्डांच्या जागा बदलत राहा, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेव, आणि प्रॉम्प्टने आलेलं उत्तर कागदावर वेगळ्या खुणेने लिही. नव्या गोष्टीत सुरुवातीला जास्त मदत देऊन ती कमी करत न्यावी, थोडंफार येत असलेल्यात कमी मदतीपासून सुरुवात करावी, किंवा सूचना आणि मदत यांच्यामधला वेळ आधी दोन सेकंद, मग चार असा वाढवावा. कुठली पद्धत वापरायची ते त्या मुलाच्या शिकवण्याच्या आराखड्यात लिहिलेलं असतं. हात धरून करून घेणं हा अगदी शेवटचा पर्याय. मुलाने हात मागे ओढला तर तो नाही म्हणतो आहे, आणि ते ऐकायचं.

अंगात टी-शर्ट घालणं, हात धुणं अशा कामांचे तुकडे पाडून साखळी करताना मला शेवटच्या टोकापासून शिकवणं फार आवडतं. टी-शर्ट डोक्यातून, हातांतून तू घाल, फक्त पोटावरून खाली ओढणं त्याचं. ते जमलं की एक हात त्याचा. दर वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं आणि ‘मी घातला’ हे त्याला तिथल्या तिथे मिळतं.

भाषेवर थोडं रेंगाळते, कारण मराठी घरांतल्या मुलांबाबत इथे खूप हातून निसटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९५७ मध्ये बोलण्याची विभागणी त्याच्या कामावरून केली, शब्दांवरून नाही. ‘पाणी’ हा एकच शब्द घे. तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणणं ही मागणी. नळाखालची बादली बघून ‘पाणी’ म्हणणं हे नाव सांगणं. तू म्हटलंस म्हणून म्हणणं हा नुसता प्रतिध्वनी. ‘तहान लागली की आपण काय पितो?’ याला ‘पाणी’ म्हणणं हा संवादातला जोड. मोठ्यांना हे चारही एकच वाटतात, पण चार्टवर बोट ठेवून तीस नावं सांगणारा मुलगा घसा कोरडा पडला तरी पाणी मागू शकत नाही, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणून मागणी आधी. शब्दाने, खुणेने, चित्र हातात देऊन, टॅबलेटवर बोट ठेवून, जे त्याला जमेल त्याने. चित्राने मागितलं तर बोलणं खुंटेल ही भीती पालक बोलून दाखवतात, ती मनावर घेऊ नकोस. मागता यायला लागलं की निम्मं रडणं आपोआप ओसरतं.

आणि शिकव ते घरच्या भाषेत. सेंटरवर ‘वॉटर’ आणि घरी आजीला कळतं फक्त ‘पाणी’, मग त्या मुलाने मागायचं कुणाकडे? घरातल्यांशी बोलून घरात नक्की कुठले शब्द वापरतात ते लिहून घे. ‘मंमं’ असेल तर ‘मंमं’पासून सुरू कर. दुसरं, बरीच मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं ठेवून घेतात. त्याला पाणी हवं असताना तो ‘तुला पाणी हवंय?’ म्हणतो, कारण पाणी येण्याआधी नेहमी तेच वाक्य कानावर पडलं. म्हणून नमुना देताना त्याच्या तोंडचं वाक्य दे: ‘पाणी दे’. तिसरं, आपल्या क्षेत्रात बहुतेक सगळ्या ताया. आमच्याकडचा सहा वर्षांचा मुलगा ‘मी जाते’, ‘मी खाल्लं, आता झोपते’ असं बोलायला लागला, आणि शाळेत मुलं त्याला हसली. इंग्रजी साहित्यावरून आराखडे बनवतो तेव्हा ही अडचण कागदावर दिसतच नाही, कारण त्या क्रियापदांना लिंग नाही. मुलग्यांना नमुना देताना आठवणीने ‘जातो’, ‘खातो’ म्हण. शक्य असेल तर बाबांना, काकांना सेशनमध्ये बसव. एकाच ताईपुढे, एकाच खोलीत आलेलं कौशल्य अर्धवटच असतं. तेच रिक्षात, किराणा दुकानात, मामाकडे आलं तर आलं म्हणायचं.

विलोपन हा सगळ्यात जास्त गैरसमज झालेला शब्द. ‘दुर्लक्ष कर’ असा त्याचा अर्थ नाही. ज्या परिणामामुळे वर्तन टिकून आहे तो परिणाम मिळेनासा करणं, असा आहे. लक्ष मिळावं म्हणून ओरडणाऱ्याकडे न बघणं हे विलोपन. काम टळावं म्हणून ओरडणाऱ्याकडे न बघता शांत बसलीस, तर त्याचं काम टळलंच, म्हणजे तू ओरडणं वाढवलंस. शिवाय विलोपन सुरू केलं की वर्तन बहुधा आधी भडकतं. बंद पडलेल्या टीव्हीच्या रिमोटचं बटण आपण कसं जोरजोरात दाबतो, तसं. त्या भडक्यात सहाव्यांदा आजोबांनी हात टेकून मोबाइल दिला, तर मुलाने एवढंच शिकलं की सहा वेळा ओरडावं लागतं. अधूनमधून मिळणारं प्रबलन वर्तनाला सगळ्यात चिवट बनवतं. म्हणून घरातले सगळे तयार नसतील तर विलोपन सुरूच करू नये, आणि मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल तर सुपरवायझर हजर असल्याशिवाय मुळीच नाही. त्यापेक्षा चांगला रस्ता एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवला: ओरडून जे मिळतं तेच मिळवण्याची सोपी रीत शिकव. ‘थांब’चं कार्ड दे, आणि त्याने ते उचललं की पहिल्या दिवसापासून दर वेळी खरोखर थांब. ‘एवढं पुरं कर, मग थांबू’ असं म्हणालीस की कार्ड मेलं.

आता जे कोर्समध्ये कमी सांगतात ते. या शास्त्राचा भूतकाळ स्वच्छ नाही. स्वमग्न मुलांवर एबीए वापरणारे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांचा १९८७ चा अभ्यास सगळे सांगतात. आठवड्याला चाळीस तास थेरपी मिळालेल्या गटातल्या १९ पैकी ९ मुलांनी मोठी प्रगती केली, हे सांगतात. पण त्यांच्या कामात मुलांना चापटी मारणं होतं, आणि त्याआधीच्या दशकांत विजेचे झटकेसुद्धा होते. ज्यांनी लहानपणी अशी थेरपी घेतली ते स्वमग्न प्रौढ आज बोलताहेत. बळजबरीने डोळ्यांत बघायला लावलं, हात हलवले की दाबून धरले, दिवसभर ‘नॉर्मल’ दिसायला शिकवलं, असं ते सांगतात. त्यांचं म्हणणं ऐकून मी माझ्या कामात बरंच बदललं. हात फडफडवणं, गोल फिरणं, यातून कुणाला इजा होत नसेल तर ते माझं टार्गेट नाही, आणि कुणी तसं टार्गेट लिहिलं तर मी कारण विचारते. डोळ्यांत बघण्याचं टार्गेट मी लिहीत नाही. मूल खोलीत यायला तयार आहे का, तोंड फिरवतंय का, तुझा हात ढकलतंय का, ही त्याची संमती किंवा नकार आहे. दारात रोज रडणारं मूल आराखड्यातली चूक दाखवतं आहे. अमेरिकेतल्या बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी १९६८ मध्ये या शास्त्राची लक्षणं लिहिली, त्यातलं ‘उपयोजित’ हे लक्षण हेच सांगतं, की बदल त्या व्यक्तीच्या आयुष्यात महत्त्वाचा असला पाहिजे. ‘सेंटरवर नीट बसतो’ हे त्याच्या आयुष्यात महत्त्वाचं आहे का, हे दर वेळी विचार.

तुझ्या मर्यादांबद्दल. आराखडा बदलणं तुझं काम नाही, पण आराखडा चालत नाही हे सगळ्यात आधी तुलाच दिसणार, आणि ते त्याच दिवशी सांगणं तुझं काम आहे. ‘आरबीटी’ (रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन) हे तंत्रज्ञांचं प्रमाणपत्र अमेरिकेतल्या बीएसीबी या वर्तन-विश्लेषकांना प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये सुरू केलं. त्यात महिन्याच्या कामाच्या किमान ५ टक्के तास देखरेखीखाली असावे लागतात. २०२३ पासून भारतातल्या नव्या अर्जदारांना ते मिळत नाही, त्यामुळे कुणी ‘हा कोर्स करा आणि आरबीटी व्हा’ म्हणून पैसे मागितले तर आधी चौकशी कर. पण तो ५ टक्क्यांचा नियम तू स्वतःला लावून घे. शंभर तास काम केलंस आणि कुणी पाच तासही शेजारी बसून बघितलं नाही, तर सेंटरकडे ते मागायचा तुला हक्क आहे. मिळालं नाही, तर दुसरं सेंटर बघ. हे मी सहज म्हणत नाही. टाळ्यांची चूक मला एकटीला सहा महिने कळली नसती.

मुलांचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसवर नको, पाठमोरेही नको. आणि दारात चपला घालताना आई हळूच विचारेल, ‘बोलेल ना हो हा?’ तेव्हा ‘नक्की बोलेल’ म्हणू नकोस, ‘सांगता येत नाही’ म्हणून निघूनही येऊ नकोस. आज त्याने काय मागितलं, कसं मागितलं, ते सांग. ‘आज दोनदा हात धरून फ्रिजपाशी नेलं आणि एकदा चित्र दिलं.’ हे खरं असतं, आणि घरी जाऊन तिला ते लगेच वापरता येतं.

उद्यापासून एवढंच कर. एक मूल, त्याचं एक वर्तन, तीन दिवस. बाकी सेशन नेहमीसारखं चालू दे, पण ते वर्तन दिसलं की तीन रकाने तिथल्या तिथे भर, वेळेसकट. पंधराएक नोंदी झाल्या की मधला रकाना हाताने झाक आणि फक्त ‘नंतर काय झालं’ हा रकाना वरून खाली वाच. तिथे जे पुन्हा पुन्हा येतंय ते सुपरवायझरना दाखव. आणि मुलाचं नाव न घालता मलाही लिही, पुढचं त्यावरून बोलू.